एकदा लावलं की वर्षानुवर्षं: बागेतल्या बहुवर्षायू झाडांचे अनुभव

ओली माती

तेरडा चुकीच्या जागी लावला तर फारसं बिघडत नाही. हंगाम संपतो, रोप वाळतं, विषय मिटतो. सोनचाफा किंवा मधुमालती भलत्या जागी लागली की मात्र पुढची दहा वर्षं रोज तिच्याकडे बघत बसावं लागतं. म्हणून हा धागा फक्त बहुवर्षायू झाडांसाठी काढतेय. झुडपं, वेली, कंद, गड्डे, नेचे, जे जे एकदा लावल्यावर पुन्हा पुन्हा फुटतं ते सगळं इथे चालेल. जमिनीतलं असो वा कुंडीतलं.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. झाड फूल बघून निवडू नये, जागा बघून निवडावं. नर्सरीत सगळं फुललेलंच दिसतं, कारण फुललेलंच विकलं जातं. ते रोप हिरव्या जाळीखाली, नेमाने पाणी आणि खत मिळून वाढलेलं असतं. आपल्याकडे आलं की आधी पानं गाळतं, मग रुसून बसतं आणि आपण त्याला आणखी खत घालतो.

जागा बघायची म्हणजे काय, तर ऊन किती तास थेट पडतं ते बघायचं, आणि तेही एकाच ऋतूत नाही. सूर्य सरकतो, उन्हाळ्यात तापणारा कोपरा हिवाळ्यात दिवसभर भिंतीच्या सावलीत असू शकतो. झाडांच्या वर्णनात 'पूर्ण ऊन' म्हटलेलं असतं ते किमान सहा तासांचं. दुसरी गोष्ट निचरा. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, मुरू द्या, लगेच पुन्हा भरा आणि मग किती उतरतं ते मोजा. तासाला एक ते तीन इंच उतरलं तर बहुतेक झाडं खूश राहतात. पाणी तसंच उभं राहिलं तर कर्दळ लावा आणि लॅव्हेंडरचा नाद सोडा.

तुमच्याकडे काय रुजलं, काय रुसलं आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते झाड कसं वागलं, ते लिहा. ऊन किती, कुंडी केवढी, हेही सांगा. त्याशिवाय दुसऱ्याला उपयोग नाही.

खुरपं

जास्वंदीपासून सुरुवात करतो. साधी एकेरी लाल आणि मोठ्या फुलांची संकरित, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. ऊन, माती, पाणी सारखंच. एकेरी वर्षभर काही ना काही देत असते. संकरित एखादं ताटलीएवढं फूल देते, लोक कौतुक करून जातात आणि मग ती महिनाभर कळ्या गाळत बसते. दुहेरी फुलांच्या जातींत कळीगळ जास्तच बघितली आहे.

गळलेली कळी फेकण्याआधी नखाने उघडून बघा. आत पांढुरक्या, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक अळ्या वळवळत असतील तर ती कळीमाशी. तिच्या अळ्या मातीत उतरून कोष करतात, त्यामुळे पडलेल्या कळ्या कुंडीत राहू देणं म्हणजे पुढच्या पिढीची सोय करणं. मी रोज सकाळी पडलेल्या आणि पिवळट पडू लागलेल्या कळ्या वेचून पिशवीत बांधून टाकतो. फवारणीपेक्षा या वेचणीने जास्त फरक पडला. आत अळ्या नसतील तर पाण्याकडे बघा. एक दिवस कोरडी ठाक आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की जास्वंद कळ्या सोडते.

पांढरा कापसासारखा मिलीबग तर सगळ्यांच्याच ओळखीचा. तो दिसायच्या आधी मुंग्या दिसतात. खोडावरून मुंग्यांची एक ओळ वर चाललेली असते. तिच्या मागे नजर फिरवत जा, शेंड्याच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी पहिला ठिपका सापडतो. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला राखतात. त्या वेळी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही काम होतं. पूर्ण फांदी पांढरी झाल्यावर साबणपाणी, नीमतेल, सगळं करूनही शेवटी कात्रीच लागते.

आणि छाटायला घाबरू नका. जास्वंदीचं फूल नव्या फुटीवरच येतं. एक तृतीयांश छाटली की थोडे दिवस बोडकी दिसते, पण मग फुटवेच फुटवे.

कुंडीबहाद्दर

खुरपं, मुंग्यांच्या मागे नजर फिरवायचं एकदम पटलं.

माझ्याकडे गच्चीवर बोगनवेल. सगळ्या झाडांमध्ये हिच्याबद्दल सर्वांत जास्त तक्रार ऐकू येते: "पानंच पानं, फुलं नाहीत." दहापैकी नऊ वेळा कारण एकच, लाड. बोगनवेलीला कडक ऊन द्या, कुंडी जरा अडचणीची ठेवा आणि पाण्यासाठी थोडं ताटकळत ठेवा. पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबायचं, मग पोटभर पाणी. असं दोन-तीनदा झालं की रंग धरते. नत्राचं खत भरपूर दिलं की सरळसोट, काटेरी, हिरव्या काठ्या निघतात. अशा काठ्यांचा शेंडा खुडला की बाजूने फुटते.

रंगीत दिसतं ते फूल नव्हे, ती सहपत्रं, म्हणजे फुलाभोवतीची रंगीत पानं. खरी फुलं आत असतात, बारीक, पांढुरक्या नळीची, बहुधा तीनच्या झुबक्यात. म्हणूनच हा बहर इतके आठवडे टिकतो. पाकळी असती तर केव्हाच मलूल झाली असती.

जाता जाता एक आवडती माहिती. ही वेल दक्षिण अमेरिकेतली. लुई आंत्वान द बुगँव्हिल यांच्या जगप्रवासाच्या मोहिमेत १७६७ मध्ये रिओ दि जानेरोजवळ तिचे नमुने गोळा झाले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते फिलिबेर कॉमर्साँ. त्यांच्यासोबत सहायक म्हणून पुरुषाच्या वेषात झान बारे ही बाई होती. जहाजावर बायकांना बंदी असल्यामुळे तो वेष. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ज्ञात असलेली पहिली स्त्री तीच. वेलीला नाव मात्र कप्तानाचं मिळालं!

चार पानं

मधुमालतीबद्दल धोक्याची सूचना. संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. एकाच झुबक्यात तिन्ही रंग. वास तर विचारू नका. त्यावर भाळून जमिनीत लावाल तर तिसऱ्या वर्षी ती गच्चीवर पोचलेली असेल. जुन्या पानांच्या देठांचे खुंट उरतात, ते टणक होऊन काट्यांसारखे अडकतात. त्यांच्या आधाराने ती पाइप, तारा, खिडकीची जाळी, काहीही पकडते. शिवाय मुळांतून लांब लांब धुमारे.

जुना माळी

चार पानं, तुमचं म्हणणं खरं, पण वेलीला दोष का? तिला मजबूत मांडव द्या आणि बहर ओसरला की दरवर्षी निर्दयपणे छाटा. मुख्य दोन-तीन दांडे ठेवायचे, बाकी सगळं खाली आणायचं. वर्षातली एक सकाळ तिच्यासाठी राखून ठेवता येत नसेल तर जमिनीत लावू नये, इतकंच म्हणेन. मोठ्या कुंडीतही ती छान फुलते, आटोक्यात राहते.

चार पानं

एक सकाळ?! शिडी, हातमोजे आणि दोन माणसं लागतात. पण मांडवाचं मान्य.

कात्री

सोनचाफा घेताना एक गोष्ट बघा, रोप कलमी आहे की बियांपासून केलेलं. कलमी रोप वर्ष-दोन वर्षांत फुलतं. बियांच्या रोपाला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तोवर त्याचा चांगला उंच वृक्ष व्हायला लागलेला असतो. आमच्या ओळखीत एका नर्सरीतून 'कलमी' म्हणून आणलेलं रोप निघालं बियाचं. उंची बघून शेजारी खूश, घरचे फुलाची वाट बघताहेत.

ओळखायचं कसं? मातीपासून वीतभर अंतरात खोडावर सांधा शोधा. तिथे खोड जरासं वाकडं किंवा फुगीर असतं, वरची आणि खालची साल वेगळ्या पोताची दिसते, कधी कलम बांधलेल्या प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडाही चिकटलेला असतो. ती पट्टी घट्ट रुतली असेल तर जपून सोडवा, नाहीतर खोड आवळलं जातं. सांधा मातीखाली गाडायचा नाही. आणि सांध्याच्या खालून फुटणारे कोंब दिसले की लगेच मुळापासून खुडायचे. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचे असतात, जोमात वाढतात आणि वरच्या कलमाला उपाशी मारतात. 'गुलाब आधी छान होता, मग जंगली झाला,' असं म्हणतात ना, तिथेही बहुतेक वेळा हेच झालेलं असतं: कलम मेलं, खुंट जगला.

चाफ्याची मुळं मांसल असतात, वारंवार जागा बदललेली त्याला खपत नाही. पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका.

सावलीतला

सगळे फुलांबद्दल लिहिताहेत, म्हणून सावलीवाल्यांच्या वतीने चार शब्द. आमच्या बाल्कनीत थेट ऊन येतच नाही. उजेड बरा आहे, एवढंच. अशा ठिकाणी मोगरा जगवण्याची जिद्द सोडली की आयुष्य सुखाचं होतं.

नेचे, मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी, पीस लिली, अ‍ॅस्पिडिस्ट्रा. यांतलं स्नेक प्लांट आणि झीझी पाणी विसरणाऱ्यांसाठी, नेचे पाणी घालायची हौस असणाऱ्यांसाठी. उलटं केलं की दोन्ही मरतात. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यांत पाणी साठलेलं असतं. वरची माती कोरडी दिसली म्हणून रोज पाणी घातलं की ते कुजतात आणि वर पानं पिवळी पडेपर्यंत आपल्याला पत्ताही लागत नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. ओल लागली तर झारी खाली ठेवायची.

सावलीत झाड हळू वाढतं, त्यामुळे खतही निम्मंच. आणि पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. आधीच उजेड कमी, त्यात धुळीचा पडदा कशाला?

घरात रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर मात्र ही यादी तशीच उचलू नका. मनीप्लांट, पीस लिली, झीझी, डायफेनबेकिया या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची आग होते, सूज येते. अ‍ॅस्पिडिस्ट्रा, स्पायडर प्लांट आणि बॉस्टन नेचा यांची त्या बाबतीत काळजी नाही.

पाणीवाला

सावलीतला यांनी विषय काढलाच आहे तर बाहेरच्या झाडांचंही सांगतो. कण्हेर आणि बिट्टी यांचे सगळे भाग विषारी, हृदयावर परिणाम करणारे. अडेनियम त्याच कुळातलं. छाटणी केल्यावर चीक लागलेले हात धुवा. लिलियम वर्गातल्या खऱ्या लिली आणि डेलिली मांजरांसाठी भयंकर आहेत. नुसते पराग अंगावर पडून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर असलेल्या घरात या दोन्ही आणूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

बर्फाळ अंगण

मी थंड प्रदेशात राहते. इथे 'बहुवर्षायू' म्हणजे वेगळाच प्रकार आहे. शरद संपताना पिओनी, होस्टा, डेलिली वरून पूर्ण नाहीशा होतात. मातीवर काही म्हणजे काही उरत नाही. जिवंत असतो तो खालचा गड्डा. नवीन माणूस वसंतात तिथे खुरपं घालतो आणि नेमका झोपलेला कोंब कापतो. म्हणून प्रत्येक झाडाशेजारी एक काडी रोवलेली बरी. होस्टा तर इतकी आळशी की बाकी बाग हिरवी झाल्यावर डोकं वर काढते.

पिओनीची एक खोड माहीत असायला हवी. गड्ड्यावर लालसर डोळे असतात. ते मातीच्या दोन इंचांपेक्षा खोल गेले की झाड छान पानं देतं आणि फूल देत नाही. वर्षानुवर्षं देत नाही. खत, पाणी, जागा, सगळ्यावर संशय घेऊन होतो, आणि दोष फक्त खोलीचा असतो. बरोबर लावलेली पिओनी पन्नास वर्षंही जगते. पहिली दोन वर्षं मात्र वर फारसं काही दिसणार नाही, कारण ती मुळं करत असते. उष्ण हवेत तिला लावू नये. थंडीची झोप मिळाली नाही तर ती फुलत नाही.

थंडीचा अंदाज घ्यायला अमेरिकेच्या कृषी खात्याचा हवामानपट्ट्यांचा नकाशा कामाला येतो. १९६० मध्ये पहिल्यांदा निघाला, शेवटची सुधारणा २०२३ ची. वर्षातलं सर्वांत कमी तापमान सरासरी कुठवर उतरतं त्यावरून १३ पट्टे केले आहेत. पण तो फक्त थंडी सांगतो. उन्हाळा किती तापतो, हवा किती दमट, यावर तो गप्प असतो, हे विसरू नका. आणि कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी थंडी लागते, त्यामुळे कुंडीसाठी आपल्यापेक्षा दोन पट्टे जास्त थंडी सोसणारं झाड निवडतात.

ओली माती

वा, बर्फाळ अंगण! पिओनीच्या डोळ्यांचं मला अगदीच नवीन. आमच्या उष्ण हवेतली डेलिली याच्या उलट वागते. भुईसपाट झोपत नाही, नुसती गर्दी करते. डेलिलीचा गठ्ठा दर तीन ते पाच वर्षांनी फोडावा लागतो, नाहीतर मधला भाग पोकळ पडतो आणि फुलं कडेला सरकतात.

जुना माळी

रेन लिली लावा, तीही फोडत राहावी लागते पण त्रास शून्य. कोरड्यात गप्प, चांगली सर आली की थोड्या दिवसांत एकदम फुलते. कडेला लावायला याहून बिनतक्रारी झाड नाही.

फुलपाखरी

माझी निवडीची पद्धत ओली माती यांच्यापेक्षाही उफराटी आहे. मी झाड निवडते ते कोण खाणार हे बघून!

फुलपाखरं यावीत म्हणून लोक मधाची फुलं लावतात. त्याने ती येतात, पितात आणि जातात. राहायला हवी असतील तर अळीचं झाड लागतं. लिंबू आणि कढीपत्ता लावला की लिंबाळी फुलपाखरं अंडी घालतात. कोवळ्या पानावर पिवळसर, मोहरीपेक्षाही लहान, एकेक सुटी अंडी. बाहेर पडलेली छोटी अळी काळपट-पांढरी असते, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा; पक्षी फसतो आणि सोडून देतो. मोठी झाल्यावर हिरवी होते. हात लावला तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कृष्णकमळाच्या वेलीवर, रुईवर वेगळे पाहुणे.

अट एकच. त्या झाडावर फवारणी नाही आणि पानं कुरतडलेली दिसली तरी हळहळायचं नाही. प्रौढ झुडपाला निम्मी पानं गेल्याने काही होत नाही. रोप लहान असेल तर मात्र काही अळ्या दुसऱ्या झाडावर हलवा.

खुरपं

माझ्या लिंबाच्या रोपाला एकूण आठ पानं आहेत आणि तीन अळ्या. त्या हलवू कुठे?

फुलपाखरी

दुसरं लिंबू आणा. अशीच बाग वाढते.

कुंडीबहाद्दर

कुंडीतल्या बहुवर्षायू झाडाचं खरं काम कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून सविस्तर लिहितो. तिसऱ्या वर्षी 'झाड थांबलं' अशी तक्रार येते. पाणी घातलं की कडेने सरळ खाली निघून जातं, सकाळी भरलेली कुंडी दुपारी कोरडी. कुंडी आडवी करून थोपटा, गोळा बाहेर काढा. मातीपेक्षा मुळंच जास्त दिसतील; पांढरी-तपकिरी, कुंडीच्या आकाराची वेटोळी, आणि तळाला भोकाभोवती त्यांची चकती. तशीच ती मोठ्या कुंडीत ठेवली तर बाहेरची नवी माती तशीच राहते आणि मुळं वेटोळ्यातच फिरत बसतात.

आदल्या दिवशी पाणी घालून ठेवा. जुन्या सुरीने तळाची इंच-दीड इंच चकती सरळ कापून टाका. बाजूने तीन-चार उभ्या चिरा द्या आणि बोटांनी मुळं मोकळी करा. साधारण पाव ते एक तृतीयांश मुळं गेली तरी जास्वंद, मोगरा, बोगनवेल सोसतात. जेवढी मुळं काढली तेवढ्याच प्रमाणात वरच्या फांद्याही कमी करा, कारण उरलेल्या मुळांना पूर्वीएवढी पानं पोसता येत नाहीत. नवी माती भरून काडीने ठासा; गोळ्याभोवती पोकळी राहिली की मूळ वाळतं. मग आठवडाभर सावली, खत नाही. झाड सुस्तावलेलं किंवा ऐन बहरात असताना हे करू नये, नवी फूट सुरू होण्याच्या तोंडावर करावं. बोगनवेलीची मुळं नाजूक, तिथे हात हलका ठेवा.

सगळ्या माती-मिश्रणांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरमसाठ घालायची पद्धत पडली आहे. हंगामी रोपांना ठीक. बहुवर्षायू झाडाला मात्र ते काही वर्षांत कुजून बसतं, पातळी खाली जाते आणि निचरा बिघडतो. निम्मी तरी खरी माती असू दे, सोबत जाडी वाळू किंवा विटांचा चुरा, आणि कुजलेलं शेणखत.

गच्चीवाल्यांनो, वजन विसरू नका. एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर, भिजलेली माती ५० किलोच्या आसपास जाते. मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध नकोत, खाली तुळई किंवा भिंत आहे तिथे ठेवा. शंका असेल तर बांधकाम जाणणाऱ्याला विचारा.

चार पानं

जमिनीत बाग असणाऱ्यांसाठी. 'पसरतं, निगा लागत नाही, जमीन झाकतं' असं वर्णन ऐकलं की कान टवकारा. पिवळ्या फुलांचा वेडेलिया, ज्याला सिंगापूर डेझी म्हणतात, आणि घाणेरी, म्हणजेच लँटाना, ही दोन्ही जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत आहेत. पाण्यातली जलपर्णीही त्याच यादीत. तिन्ही कधी ना कधी शोभेची म्हणूनच लावली गेली. वेडेलियाच्या कांडीचा वीतभर तुकडा पेरावर रुजतो, त्यामुळे उपटून कचऱ्यात फेकला तर तिथे लागतो. पुदिना, बांबूच्या धावत्या जाती हेही मोकळ्या जमिनीत नकोत.

सावलीतला

बांबूवरून आठवलं. बहुवर्षायू म्हणजे अमर नव्हे. घायपात कित्येक वर्षं नुसती पानं ठेवते, मग एकदाच उंच फुलोरा काढते आणि ते झाड संपतं. कडेची पिल्लं मागे राहतात. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरते. निळी कुरिंजी बारा वर्षांनी, २००६ मध्ये फुलली, मग २०१८ मध्ये.

जुना माळी

खरंय. बागेतल्या साध्या झाडांनाही वय असतं. लॅव्हेंडरचा बुंधा काही वर्षांत लाकडासारखा होतो आणि त्या जुन्या लाकडातून पुन्हा फुटत नाही. शेवंतीचा गठ्ठा दरवर्षी फोडून कडेची नवी पिल्लं लावली तरच फुलं मोठी राहतात, मधली जुनी मुळी टाकून द्यायची. जुन्याला चिकटून बसण्यात अर्थ नाही. आपल्या आवडत्या झाडाची एक फांदी दरवर्षी वेगळी लावून ठेवत जा.

कात्री

अनंताबद्दल कुणी सांगा ना. पानं पिवळी पडताहेत, खत दिलं, फरक नाही.

पाणीवाला

कोणती पानं पिवळी? खालची जुनी, पूर्ण पिवळी होऊन गळत असतील तर नत्र कमी, किंवा नुसतं वय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं असेल तर लोह मिळत नाही. मातीत लोह असतंच बहुतेक वेळा. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH) पाच ते सहाच्या आसपास. बोअरचं जड पाणी रोज घातलं की माती हळूहळू क्षारीय होते आणि असलेलं लोह मुळांना उचलता येत नाही. खत ओतून काय होणार?

पावसाचं पाणी साठवून घालत जा. लगेच हिरवं हवं असेल तर चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, पाकिटावर दिलेल्या मात्रेत फवारणी करा. पण पाणी तेच जड राहिलं तर पिवळेपणा परत येणार. व्हिनेगर-लिंबाचे उपाय सांगतात, त्यांचा परिणाम तात्पुरता आणि मात्रा हुकली तर मुळांना इजा.

कात्री

शेंड्याचीच पानं आहेत. पाणी बोअरचंच. कळलं.

बर्फाळ अंगण

आणि मोगरा? माझ्याकडे घरात, दक्षिणेच्या खिडकीत आहे. हिरवागार, तीन हात लांब फांद्या, कळीचं नाव नाही.

ओली माती

खिडकीत असेल तर प्रकाश कमी पडत असणार. उन्हाळ्यात जमेल तेवढा बाहेर काढा, एकदम कडक उन्हात नको, आठवडाभर सवय करत न्या. दुसरं, लांब फांद्या म्हणजे छाटणी राहिली आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला धरते. हिवाळा संपत आला की थोडे दिवस पाणी कमी करा, मग निम्म्यावर छाटा, वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा, आणि उरलेली जुनी पानंही हाताने उतरवा. बघायला बिचारं दिसतं. वरची दोन इंच माती उकरून शेणखत किंवा गांडूळखत मिसळा, पोटभर पाणी द्या. प्रत्येक पेरातून दोन दोन फुटवे निघतील. पहिला बहर सरला की फुललेली टोकं दोन पानांपर्यंत खुडा, दुसरा बहर येतो.

कापलेल्या काड्या टाकू नका. पेन्सिलीपेक्षा जरा बारीक, पूर्ण हिरव्याही नाहीत आणि पूर्ण लाकूडही नाहीत अशा वेगळ्या काढा. पेराच्या किंचित खाली कापा, खालची पानं काढून दोन पेरं ओलसर वाळूत जातील अशा खोचा, वरून पारदर्शक पिशवी सैलसर घाला आणि उजेडात ठेवा, उन्हात नको. ओढून बघायचा मोह आवरा. हलकेच हलवल्यावर काडी अडली की मूळ धरलं.